घंटेनंतरचे रीळ

८ जानेवारी १९४५, सोमवार. राजूर

काल संध्याकाळी नगरहून परत. कोळशावर चालणारी मोटर संगमनेरजवळ दीड तास बंद. अंगावरची धूळ अजून गेलेली नाही.

स्कूल बोर्डाची सभा शनिवारी दुपारीच आटोपली. मग जे नऊ वर्षांत केले नव्हते ते केले. नगरच्या थेटरात गेले. मुख्याध्यापिकेने एकटीने थेटरात दिसू नये असे मीच सर्वांना सांगत आले, म्हणून डोक्यावर पदर घेऊन बायकांच्या गॅलरीत मागे बसले. लागला होता ‘डाकवाली का घर’. डाकवालीच्या मालिकेतला चौथा बोलपट. पहिले तीन इथे तंबूत पाहिले, तिन्ही दोनदा.

फसवणूक. दुसरा शब्द सुचत नाही. तीन बोलपटांत जी बाई राज्याचे टपाल घेऊन घाट उतरली, दरोडेखोरांना चाबकाने फोडून काढले, ती आता ठाणेदाराची बायको. कणीक मळते. तिचा घोडा पारा गोठ्यात बांधलेला. टपाल दुसराच कोणी नेतो, तोही धड बसता न येणारा. शेवटी दरोडेखोर येतात, नवरा लढतो, ही दिवा धरते. फक्त दिवा धरते. आणि पारा टांग्याला जुंपतात.

या बाईचे असे करण्याचा अधिकार कोणी दिला त्यांना?

१० जानेवारी, बुधवार

कंपनीला पत्र लिहिले. इंग्रजीत, तीन पाने. कणकेच्या प्रसंगाबद्दल विशेष लिहिले: चार मिनिटे पडद्यावर काहीच घडत नाही, बाहेर टापा वाजतात आणि नायिका हात थांबवून बसते, हा शिथिलपणा होय. शेवटी लिहिले की आपल्या प्रेक्षकांत शिकलेल्या स्त्रियाही आहेत हे आपण विसरलात. पोस्टात टाकून आले. आज झोप बरी लागेल.

१४ जानेवारी, रविवार

खातूनबी नेहमीप्रमाणे दहाला आली. माझ्या मनगटात चौतीस वर्षे बांगडी नाही, तरी ही मणियारीण दर रविवारी पेटी घेऊन माझ्या ओट्यावर येते. आधी मी तिला वाचायला शिकवते, मग चहा, मग शेवट.

शेवट म्हणजे आमचा जुना रिवाज. तिचा भाऊ उस्मानभाई तंबूचा मालक. बायकांची बाजू खातूनबी सांभाळते. कनातीचे दार, तिकिटे, भांडणे, रडकी पोरे. पहिल्या वर्षी खेळ सुटल्यावर अंधारात पुरुषांची झुंबड झाली, दोन मुली चेंगरल्या. तेव्हा मी उस्मानभाईला बजावले, शेवटच्या रिळाआधी घंटा होईल, बायका आधी बाहेर पडतील, तर माझ्या मुली येतील, नाहीतर नाही. घंटा शाळेचीच दिली. तेव्हापासून खातूनबी घंटा वाजवते, मी पहिली उठते, माझ्यामागे सगळ्याजणी. रस्ता रिकामा असतो. शिस्तीचे काम.

त्यामुळे शेवट आम्हाला दिसत नाही. तो मी रविवारी सांगते. तर्कशास्त्र दोन वर्षे शिकले आहे. जे दाखवले त्यावरून पुढे काय व्हायला हवे ते कळते. डाकवाली पहिला: राजाचे बक्षीस ती नाकारते, थैलीत उरलेले एक पत्र डोंगरातल्या म्हातारीला नेऊन देते, म्हातारीला वाचता येत नाही म्हणून वाचूनही दाखवते, आणि पुढे निघते. दुसरा: पुरातून थैली डोक्यावर धरून नदी पार. तिसरा: एका धनगराच्या मुलीला घोड्यावर बसवून आपले काम शिकवते.

खातूनबी गालाला हात लावून ऐकते. मध्येच, “आन् घोडं?” “घोड्याला काय दिलं खायला?”

आज नव्या खेळाची सगळी हकीकत सांगितली. शेवटी म्हणाली, “मग शेवट सांगा की बाई.”

म्हटले, “सांगायचा काय? या खेपेला डोळ्यांनी पाहिला. आता जुळवायची गरज लागत नाही.”

तिळगूळ दिला तो तिने पदराच्या गाठीला बांधला. एरवी लगेच खाते.

१८ जानेवारी, गुरुवार

उस्मानभाई हाच बोलपट फेब्रुवारीत इथे आणतो आहे. शाळेच्या दाराला जाहिरात लावून गेला. मी काढली.

२७ जानेवारी, शनिवार

आयांची सभा. साठेक बाया आल्या, शेंडी-रंधा भागातूनही. स्वच्छता, हजेरी, खरूज, हे झाल्यावर डाकवालीचा विषय काढला. म्हणाले, हे चित्र आपल्या मुलींनी पाहण्यासारखे नाही. पराक्रमी बाईला चुलीशी बसवले आहे. मी जाणार नाही. तुम्हीही जाऊ नये.

सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणी काही विचारले नाही. कोणी विचारत नाही.

२८ जानेवारी, रविवार

खातूनबी आली ती उभीच राहिली.

“बाई, तुमी नका येऊ. पन बायांना कशाला आडवलं?”

वाईट ते वाईट म्हणून सांगणे हे माझे काम आहे, म्हटले.

“वाईट हाय का न्हाई ते त्या बगतील की.”

“त्यांना काय कळते त्यातले.”

“मला बी न्हाई कळत?”

मी म्हणाले, “तू घंटा वाजवतेस, खातूनबी. चित्र पाहणे वेगळे.”

माझ्याकडे पाहिले. “व्हय. घंटा वाजवती,” एवढेच बोलून पेटी उचलली. चहा ओतलेला होता. तसाच राहिला.

बरोबर बोलले असे दिवसभर वाटत होते. आता लिहिताना तितकेसे वाटत नाही. स्वर कडक झाला. पण विधान खोटे नव्हते.

१० फेब्रुवारी, शनिवार

आज तंबूत ‘डाकवाली का घर’. ओट्यावर बसून वह्या तपासल्या. गाण्यांचा आवाज इथवर येतो.

११ फेब्रुवारी, रविवार

सखूबाई सांगून गेली (आमच्या चौथीतल्या ताराची आई, भाजी विकते): काल बायकांच्या बाजूला तिघीच होत्या, त्यांतली एक उस्मानभाईची म्हातारी चुलती. मध्यंतरात उस्मानभाईने मधला पडदा काढून टाकला आणि ती जागा पुरुषांना दिली. म्हणे आता बायकांची बाजूच बंद.

माझे म्हणणे बायांनी ऐकले. समाधान वाटायला हवे.

खातूनबी आली नाही.

१८ फेब्रु., रवि.

नाही आली. दोन कप चहा झाला होता. सवय.

तिच्या कपाचे आज लक्षात आले. तो निळ्या काठाचा, खिडकीत निराळा ठेवलेला असतो. कोणी ठेवला निराळा? मीच. कधी, आठवत नाही. शाळेत पाण्याच्या माठावर शिवाशिव पाळणाऱ्या मुलींना मी छड्या मारल्या आहेत.

२५ फेब्रु., रवि.

नाही.

१७ मार्च, शनिवार. नगर

पुन्हा बोर्डाची सभा. भाचीकडे उतरले आहे. आजचे आजच लिहून ठेवते.

दुपारच्या खेळाला डाकवाली पहिला लागला होता. जुनी प्रत, पावसासारख्या रेघा. म्हटले जाऊ, खरी डाकवाली पाहून येऊ, डोळे निवतील. गेले. सगळे आठवणीप्रमाणे होते. तो खिंडीतला पाठलाग, ते चाबकाचे वळण. थैली घेऊन ती राजवाड्याच्या पायऱ्या चढली. इथे खातूनबीची घंटा होते. मी नकळत उठलेसुद्धा. शेजारची बाई म्हणाली, “बसा की, मागच्यांना दिसंना.”

बसले. नऊ वर्षांनी पुढचे रीळ पाहिले.

राजा तिला बक्षीस देतो. ती घेते. मग ठाणेदार पुढे येतो. ती थैली त्याच्या पायांशी ठेवते, वर चाबूक ठेवते. तो तिचे हात हातात घेऊन म्हणतो की आता या हातांवर मेंदी शोभेल. ती लाजते. लगेच गाणे, फुले. पाऱ्याला झूल घालून त्यावर तो बसतो, ती मेण्यात.

संपले. दिवे लागले. म्हातारी नाही, पत्र नाही. डोंगरसुद्धा नाही.

झाडणारा येऊन उभा राहिला तेव्हा उठले.

१८ मार्च, रविवार. नगर

म्हणजे कंपनीने काहीही बदललेले नाही. पहिल्यापासून ती हेच दाखवत होती. पहिल्याच बोलपटात बाईने थैली खाली ठेवली, आणि बहुधा दुसऱ्यात, तिसऱ्यातही. दर वेळी पुन्हा उचलायला लावली, कारण तिकिटे खपत होती. मी ज्या डाकवालीसाठी तीन पाने लिहिली तिचा अर्धा भाग कंपनीचा. उरलेला माझा. माझ्या ओट्यावर झालेला.

आणि चौथा? चौथ्याने थैली ठेवल्यानंतरची सकाळ दाखवली. गाणे संपल्यावर, फुले वाळल्यावर. ती कणीक मळते आहे, बाहेरून टापा जातात, हात थांबतात. चार मिनिटे. मी शिथिल म्हटले. त्या चार मिनिटांत ती काय ऐकत होती हे मला कळू नये? वीस वर्षांची असताना सासरी मागच्या खोलीत बसून रस्त्यावरून शाळेला जाणाऱ्या मुलांचे आवाज ऐकले आहेत मी. चारच्या किती पट मिनिटे, ते मोजले नव्हते.

ज्याने पहिल्यांदा खरे दाखवले त्यालाच नेमके मी…

२० मार्च, मंगळवार. राजूर

शाळा सुटल्यावर मणियार गल्लीत गेले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. शाळेपासून पाच मिनिटे. खातूनबीच्या घराला कुलूप. तशीच तंबूवर गेले. उस्मानभाई मांडी घालून फाटलेली फिल्म कात्रीने कापून जोडत होता.

“या बाई. तुमच्या एका सभेनं माझी निम्मी कनात रिकामी केली. हिटलरला बी जमलं नसतं.”

खातूनबी कुठे, असे विचारले.

“ती हितं कुठं? खर्ड्याला गेली, लेकीकडं. लेक पोटुशी हाय.”

“कधी येणार?”

“काय बोलली न्हाई. बांगड्यांची पेटी बी संगं नेली.”

मग जे विचारायला गेले होते ते विचारले. बायका बाहेर पडल्यावर खातूनबी कुठे असे?

“कुठं म्हंजी? आत. कनातीच्या खांबाला टेकून. खेळ सुटला की बत्त्या तीच लावायची.”

“म्हणजे सगळे शेवट तिने पाहिले.”

“बाई, एकेक खेळ पंधरा-पंधरा डाव बघिटलाय तिनं. तोंडपाठ हाय.”

“मग दर रविवारी ती मला शेवट का विचारत होती?”

तो हसला. फिल्मचा तुकडा दातांत धरला होता तो काढला. “त्ये तिलाच इचारा. आमाला म्हनायची, बाईकडून नवा शेवट आनते, उद्या बांगड्यांसंगं खपवायचाय. भंडारदऱ्यापतुर बाया वाट बगायच्या तिची. म्या म्हनलं, आगं, खोटं कशाला सांगती लोकांला? म्हनली, बाईनं बसून जुळिवलाय, खोटा कसा आसंल?”

घरी आले. दिवा लावला नाही बराच वेळ.

तिला मी म्हणाले होते, तू चित्र पाहत नाहीस.

१ एप्रिल, रविवार

तिने मला हसत हसत फसवले की काय, असा विचार दोन दिवस केला. तसे असते तर बरे झाले असते, रागावता आले असते. हसायचे असते तर ती गल्लीत हसली असती. ती तो शेवट घेऊन घाटाखाली चालत गेली. बाईचा हात हातात धरून, बांगडी चढेपर्यंत सांगत बसली. मनगट दुखू नये म्हणून बाया गोष्टीवर लक्ष ठेवत असतील.

मी वर्गात पन्नास मुलींना शिकवले. तिने किती घरांत, कोण जाणे.

१२ एप्रिल, गुरुवार

कंपनीचे उत्तर आले. छापील कागद, खाली शाईने चार ओळी. आपल्यासारख्या सुज्ञ महिला प्रेक्षकांच्या सूचना ध्यानात घेऊन पुढील डाकवालीत घराचा भाग राहणार नाही. मारामारी व घोडदौड भरपूर राहील. नायिकेच्या भूमिकेसाठी नवीन, तरुण नटी घेत आहोत.

जुनीला काढले म्हणजे. कणकेत हात थांबवले ते तिचे हात होते. इतके चांगले काम तिने आधीच्या तीनमध्ये कुठे केले नव्हते, आणि मी लिहिले, शिथिल.

पुन्हा पत्र लिहिले. आधीचे मत चुकीचे होते, कृपया जुनी नटी ठेवावी. एक पान. पाठवले. ऐकतील असे वाटत नाही. वाईट म्हणणारे पत्र लोक जपून ठेवतात.

१५ एप्रिल, रविवार

खातूनबीला पत्र. तिला जोडाक्षरे अजून नीट येत नाहीत, म्हणून सुटी आणि मोठी अक्षरे. ‘मी चुकले’ हे लिहायला जोडाक्षर लागत नाही. तरी तीन कागद फाडले.

१९ एप्रिल, गुरुवार

उस्मानभाईकडे गेले. पावसाआधी डाकवाली चौथा पुन्हा आणता येईल का?

“आनीन. पन बगनार कोन?”

मधला पडदा बांध, बायका आणते, म्हटले. आणि घंटा होणार नाही. बायका शेवटपर्यंत बसतील, पुरुष नंतर उठतील.

“पुरुष बसत्यात व्हय?”

“दाराशी मी उभी राहीन.”

“मंग बसत्याल,” म्हणाला, गंभीरपणे.

२२ एप्रिल, रविवार

काल आणि आज दारोदार गेले. म्हणाले, मी सांगितले ते चुकीचे होते, मी पुरते समजून न घेता बोलले. बाया घाबरल्यासारख्या बघत होत्या. ताराची आई सखूबाई म्हणाली, “बाई, तुमचा जीव बरा हाय न्हवं?”

२८ एप्रिल, शनिवार

खेळ झाला. बायकांची बाजू भरली होती.

कणकेचा प्रसंग आला. टापा. हात थांबले. पुरुषांच्या बाजूने शिट्ट्या, “चालू करा मशीन!” बायकांच्या बाजूला एकदम शांत. मुलेसुद्धा. मग कोणीतरी हळूच म्हणाले, “कणीक वाळंल की गं तिची.” आणि दुसरी, “वाळू दे.”

मला हे नगरच्या गॅलरीत ऐकू आले नव्हते. तिथे मी एकटीच होते.

शेवटही सगळ्यांनी पाहिला. दिवा धरलेली बाई, टांग्याला जुंपलेला पारा. पुरुष बसून राहिले. दोघे उठत होते, माझ्याकडे पाहून बसले.

बाहेर सखूबाई थांबली होती. “बाई, ह्यो शेवट चुकला.”

“असाच आहे तो.”

“न्हाई. ह्यात कायतरी ऱ्हायलंय. खातूनबी आली की इचारू. ती खरा सांगंल.”

मी मानेने होकार दिला.

खर्ड्याहून उत्तर नाही. तेरा दिवस झाले.

६ मे, रविवार

शाळेला सुटी लागली. ट्रंक काढली. जाते. पत्राने होण्यासारखे हे काम नाही. खर्ड्याच्या मुलींच्या शाळेच्या बाई माझ्या जुन्या विद्यार्थिनी, त्यांच्याकडे उतरता येईल.

१० मे, गुरुवार. खर्डा

तिसऱ्या दिवशी पोचले. नगरला युरोपातली लढाई संपल्याची गर्दी, मोटरीत जागा नाही. जामखेडपासून पुढे बैलगाडी. ऊन असे की किल्ल्याचे दगड पांढरे दिसत होते.

दुपार उतरल्यावर तिच्या लेकीच्या घरी गेले. ओट्यावर बांगड्या रंगावारी लावत बसली होती. बारीक झाली आहे.

“बाई? एवढ्या उन्हाचं?”

लेकीने चहा आणला. नक्षीचा कप, घरात एकच असावा. बशी वेगळ्या रंगाची. मी घेतला. खातूनबी कपाकडे पाहत होती, मी पितेय का ते. का पाहत होती ते मला माहीत आहे.

वाटेत तीन वाक्ये पाठ केली होती. म्हटली. मी बोलले ते चूक. तू पाहत होतीस, मी पाहत नव्हते. मला वाईट वाटते.

“व्हय,” म्हणाली. बांगड्या दोऱ्यात ओवत राहिली.

“माझे पत्र मिळाले?”

“मिळालं. वाचलं. सगळं वाचलं, जावयाला न्हाई दिलं वाचाया.” थोडा अभिमान होता आवाजात. मग तोही गेला.

मी विचारले, खरे शेवट तू मला कधी का सांगितले नाहीस?

“काय सांगायचं? तुमी इतकं जुळवून सांगायचा. हात वर करून. ती नदीतनं थैली नेती तवा तर तुमी उठून हुब्या ऱ्हायला हुता. शाळेत बी कदी एवढ्या खुशीत न्हाई बघिटलं तुमाला. मोडायचं कशाला?”

“मग नवा मी पाहून आले तेव्हा?”

“तवा म्या इचारलं की. शेवट सांगा म्हनलं. वाटलं, ह्यो शेवट लई वाईट हाय, ह्याला तर बाई झकास बनवतील. तुमी म्हनला, आता गरज लागत न्हाई.” दोऱ्याला गाठ मारली. “म्हनलं, झालं. आपलं काम सरलं हितलं.”

घंटा वाजवतेस म्हणालेले तिला इतके लागले नव्हते. हे लागले होते. मी चुकीच्या वाक्याची माफी मागत शंभरावर मैल आले.

मग एकदम लक्षात आले की नऊ वर्षांत एक प्रश्न मी तिला केलेला नाही. विचारला. तुला कसा वाटला, हा चौथा?

तिने हात थांबवला. मला वाटले हसेल.

“मला आवडला,” म्हणाली. “पयले तीन मजेचे. ह्यो मजेचा न्हाई. नवरा हुता तवर म्या बी घरातच. दारावरनं मणियारीण गेली, पेटीतल्या बांगड्या वाजल्या, की माझा हात आसाच थांबायचा. तवाचं ध्यानात आलं. पन बाई, ती पोरगी मंग रडती ना, ते खोटं. तवा रडू येत न्हाई. तवा मानूस मोजतं. किती लांब गेली, कुटल्या घरी थांबली.”

रडणे हा बोलपटातला संकेत असतो, असे माझ्या ओठांवर आले होते. गिळले. ती पुढे पुष्कळ बोलली. दिवा धरण्याबद्दल तिचे मत माझ्या उलट आहे. दिवा धरणाऱ्यालाच सगळे दिसते, म्हणाली. मला पटले नाही. ते मी सांगितले, आणि ती, “नका पटवून घेऊ,” म्हणाली, पण ते नेहमीसारखे म्हणाली. निदान मला तसे वाटले.

निघताना विचारले, पावसानंतर राजूरला येशील का? उस्मानभाई पडदा बांधून ठेवणार आहे. सखूबाई वाट पाहते.

“लेक मोकळी होऊ द्या,” म्हणाली. आणि उंबऱ्यातून, “जामखेडची गाडी सकाळी लवकर आसती.”

११ मे, शुक्रवार. खर्डा

सहा वाजले. गाडीवान सातला येतो म्हणाला आहे.

गाडी लवकर असते हे तिने मी जावे म्हणून सांगितले, की चुकू नये म्हणून, की सहजच, याचा काही केल्या निर्णय होत नाही. दोन वर्षांचे तर्कशास्त्र इथे उपयोगाचे नाही. ज्यांच्याकडे उतरले त्या बाई आणखी चार दिवस राहा म्हणतात. खातूनबी तसे म्हणालेली नाही. राहू नका असेही म्हणालेली नाही.

गाडीवानाला थांबायला सांगून एकदा तिच्याकडे जाऊन येते. काय बोलायचे ते ठरवलेले नाही. मी ठरवून गेले की तिला नुसते ऐकत बसावे लागते.